पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि कार्य

थोर माणसांचा गौरव करताना आपल्या समाजाला त्यांच्यातील सोयीचा भाग तेवढा उचलण्याची सवय आहे. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ही सवय विशेष प्रकर्षाने दिसून येते. शाळेच्या पुस्तकांतून आणि सभासमारंभांतून त्यांची जी ओळख करून दिली जाते, तीत संस्कृतच्या विदुषी, आर्य महिला समाजाच्या संस्थापक आणि शारदा सदनाच्या चालक एवढेच रूप ठळक असते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला ही गोष्ट एखाद्या वाक्यात, काहीशा संकोचाने उरकली जाते. उलट, ख्रिस्ती मंडळींत त्यांचे नाव एका भक्तिमान स्त्रीचे म्हणून घेतले जाते. त्या स्त्रीने बिशपांशी मांडलेला वाद मात्र तेथे फारसा सांगितला जात नाही. १९८९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तेव्हापासून त्यांचे नाव सर्वमान्य झाले असे म्हणावयास हरकत नाही. परंतु नाव सर्वमान्य होणे आणि जीवन समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रमाबाईंची श्रद्धा वगळली तर त्यांच्या कार्याचा उलगडा होत नाही आणि त्यांचे स्वातंत्र्य वगळले तर त्यांची श्रद्धा कोणत्या जातीची होती हे कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते त्यांच्या चरित्राच्या आधारेच तपासून पाहिले पाहिजे.

दुष्काळातील पायपीट

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकावे हे मत त्या काळात उच्चारणेही धाडसाचे होते. अनंतशास्त्र्यांनी ते नुसते उच्चारले नाही, तर पत्नी लक्ष्मीबाई यांना स्वतः शिकविले. त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून ते अरण्यात जाऊन राहिले. पुढे पैसा सरला आणि हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. गावोगावी देवळात वा घाटावर पुराणे वाचावीत, श्रोत्यांनी जे वाहिले त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा जीवनक्रम झाला. वडील वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंचे शिक्षण आईच्या हाती आले. पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, लक्ष्मीबाई मुलीकडून पाठ म्हणवून घेत. भागवत त्यांना मुखोद्गत झाले ते असे.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराणिकाला धान्य कोण देणार? आणि अंगमेहनतीचे काम करावे तर विद्वान ब्राह्मणाच्या मुलांना ते शिकविलेच नव्हते. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी रानातील पाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. प्रथम वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीण. आईचे प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळे तिरडीचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी भारतभर पायपीट केली. थंडीत पांघरूण नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. ज्या देवांची आणि व्रतांची आराधना केल्याने सर्व प्राप्त होते असे त्या लहानपणापासून लोकांना वाचून दाखवीत आल्या होत्या, ती सर्व आराधना या कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन केली होती. फळ काय मिळाले हे समोर होते. या अनुभवाने त्यांची परंपरागत श्रद्धा ढासळली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती श्रद्धा कोणा मिशनऱ्याने मोडली नाही. ती दुष्काळात मोडली, आणि तिच्या जागी दुसरे काही येण्यास पुढे अनेक वर्षे लागली.

कलकत्ता ते पुणे

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या या मुलीला भद्र कुटुंबांतील स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यास सांगण्यात आले. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रांचे ग्रंथ नव्याने वाचावयास घेतले, आणि येथेच त्यांना जन्मभर पुरणारा प्रश्न सापडला. एरवी परस्परांशी न जुळणारी ही शास्त्रे स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही, एवढ्यापुरती मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळले. ज्या ग्रंथांचे पठण करून आपण पोट भरले, त्या ग्रंथांत आपल्यालाच जागा नाही, हा तो शोध होता. याच शहरात त्यांनी प्रथम ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेली पाहून हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे भावाबहिणींना वाटले. ख्रिस्ती धर्माशी त्यांचा परिचय झाला तो असा.

१८८० साली श्रीनिवासही गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते. प्रांतही निराळा, जातही निराळी. १८८१ मध्ये मनोरमा या कन्येचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. संसार दोन वर्षेही पुरता टिकला नाही. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि पती या सर्वांचा मृत्यू पाहून, कडेवर तान्ही मुलगी घेऊन ही स्त्री पुण्यास आली.

तिने त्याच वर्षी, १ जून १८८२ रोजी, आर्य महिला समाजाची स्थापना केली. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्रीडॉक्टर हव्यात असे सांगितले. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाची तयारी केली. तेथे जाऊन वैद्यक शिकावे हा त्यांचा हेतू होता.

एका प्रश्नाचे उत्तर

१८८३ साली त्या इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात जाऊन राहिल्या. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले. परंतु याच सुमारास लंडनमधील फुलहॅम येथे त्या भगिनींनी चालविलेले एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे शुश्रूषा केली जात होती. अशा स्त्रीशी कोणी ममतेने वागते हे रमाबाईंनी त्यापूर्वी कोठेही पाहिलेले नव्हते. याचे कारण त्यांनी विचारले तेव्हा विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेल्या संभाषणाची कथा त्यांना सांगण्यात आली. जात, आचार आणि स्त्रीत्व या तिन्ही कारणांनी अस्पर्श ठरलेल्या स्त्रीशी गुरू तत्त्वचर्चा करतो, ही ती कथा. कलकत्त्यात सापडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना येथे मिळाले. रेव्हरंड नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचाही त्यांच्या विचारांवर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी येताच महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते, तेच पुणे त्यांना विश्वासघातकी म्हणू लागले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. जोतीरावांना त्या निर्णयामागील प्रश्न कळला होता, कारण तो त्यांचाही प्रश्न होता.

धर्मांतर म्हणजे आज्ञाधारकता अशी कोणाची समजूत असेल तर ती पुढील तीन वर्षांचा वृत्तांत वाचून दूर होईल. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांना शिकविणे योग्य नव्हे, हिंदुस्थानात त्याचा विपरीत अर्थ होईल, असा आक्षेप लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी घेतला. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांतून बोललो आहोत, तेव्हा हे बंधन आपण मानणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असावीत या प्रथेलाही त्यांनी हरकत घेतली. तीच अक्षरे संस्कृतात का नसावीत, हा त्यांचा सवाल होता. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला. शास्त्र्यांचा अधिकार नाकारून आलेली ही स्त्री बिशपांचा अधिकार निमूटपणे मान्य करणार नव्हती. त्यांना ख्रिस्त हवा होता. त्याच्यासोबत इंग्रज पंथोपपंथांची शिस्त घेणे त्यांना भाग वाटत नव्हते.

शारदा सदन आणि १८९३ चा वाद

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाने तेथील लोकमत हलले. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे ठरले. ११ मार्च 1८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत रमाबाई होत्या. पुढे सदन पुण्यास आले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

सदनात कोणावरही धर्माची सक्ती करावयाची नाही, हे ठरलेले होते. मुलींचे सोवळेओवळे आणि जातीचे नियम पाळण्याची मुभा होती. रमाबाई स्वतःही शाकाहारी राहिल्या. परंतु त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. १८९३ साली ‘केसरी’ने यावर झोड उठविली, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात न्याय कोणाच्या बाजूने होता? टीकाकारांच्या शंकेत काहीच तथ्य नव्हते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निराधार, अल्पवयीन विधवेला जिने आसरा दिला, तिच्या धर्माचे आकर्षण त्या मुलीला वाटणारच. अशा ठिकाणी सक्ती नसली तरी प्रभाव असतोच. पालकांना हे जाणवले तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. त्या मुलींचे डोके भादरून त्यांना माजघरात कोंडून ठेवणाऱ्या समाजाने त्यांच्यासाठी रमाबाईंच्या आधी किती सदने उघडली होती? प्रार्थनेला बसणारी मुलगी दिसताच जी तळमळ जागी झाली, ती उपाशी मुलगी दिसताना झोपलेली होती. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन करून या प्रश्नाला विधायक उत्तर दिले, आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या बाया कर्वे या शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी होत्या, हे विसरता येत नाही.

केडगावचे माळरान

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना असे जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हा बदल त्यांच्या अंतरंगातील होता, आणि त्याचे मोजमाप बाहेरून करता येत नाही. मात्र त्यानंतर त्यांनी जे केले ते मोजता येते. अमेरिकेतील मदतीची मुदत संपणार म्हणून त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे ही कल्पना. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. वीस वर्षांपूर्वी जे आपण भोगले तेच पुन्हा घडत आहे, हे ऐकून त्या तिकडे धावल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. त्यांना ठेवावे तर पुण्यात प्लेगचे निर्बंध. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडल्यावर आणखी शेकडो आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांचे होते. केडगावला जातीचा प्रश्नच उरला नाही. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, फुलहॅमची आठवण त्यात होतीच. वृद्धांसाठी आणि अंधांसाठी वेगळी व्यवस्था झाली. शाळेबरोबर शेती, विणकाम, तेलाचा घाणा, गोठा आणि छापखाना सुरू झाला. पुराणिकाच्या मुलांना हाताचे काम येत नव्हते म्हणून ते कुटुंब उपासमारीने मेले, हा धडा रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्यांच्या आश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातात कसब असे.

राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून त्यांच्याविषयी बोटचेपेपणाही त्यांनी केला नाही. १८९७ साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघडपणे लिहिले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. हा विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला.

शब्दांची उपासना

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ते कळत नाही, हे त्यांचे कारण होते. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्या स्त्रीने बालपणी संस्कृतच्या बळावर पंडितांना थक्क केले, तीच आता लेखणीतून संस्कृत शब्द वेचून काढीत होती. कारण आपल्या आश्रमातील गोंड वा कुणबी मुलीला जे वाचता येत नाही ते आपल्या विद्वत्तेचे प्रदर्शन ठरेल, असे त्यांना वाटले असावे. वाङ्मयीन दृष्टीने हे भाषांतर रूक्ष आहे, काही ठिकाणी सोपेपणाच्या हट्टापायी अवघडही झाले आहे, आणि ते चर्चमध्ये रूढ झाले नाही, हे मान्य केले पाहिजे. तसेच या उत्तरकाळात रमाबाई महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनापासून दूर गेल्या, ही हानी दोन्ही बाजूंची झाली. केडगावभोवती कुंपण पडले. ते थोडे त्यांनी घातले, पुष्कळसे आपण घातले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईच्या कार्याचा भार ज्या वाहत होत्या, गुलबर्ग्यास मुलींची शाळा ज्यांनी काढली, त्या या एकुलत्या एका कन्या. पन्नास वर्षांपूर्वी ज्या क्रमाने माणसे जाऊ लागली होती त्या क्रमातील हे शेवटचे माणूस. रमाबाई भाषांतराच्या कामाला पुन्हा बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

संकटात सापडलेल्या माणसाला श्रद्धा काय देते, या प्रश्नाचे सर्वसामान्य उत्तर समाधान असे दिले जाते. रमाबाईंच्या चरित्रातून निघणारे उत्तर वेगळे आहे. त्यांचे एकही संकट श्रद्धेमुळे टळले नाही. बहिरेपण गेले नाही, लोकनिंदा थांबली नाही, मुलगी वाचली नाही. श्रद्धेने त्यांना दिले ते आपल्याहून दुबळ्या माणसाचे उत्तरदायित्व. दुष्काळाची आठवण कोणालाही कडवट करू शकली असती. त्यांच्या ठायी तिचे रूपांतर दोन हजार पानांच्या पंगतीत झाले. कोणी कोणता धर्म स्वीकारावा हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, आणि रमाबाईंचा निर्णय इतरांनी गिरवावा असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु माणसाच्या धर्माची परीक्षा कशी करावी, याचे एक माप त्या ठेवून गेल्या आहेत. ज्याला कोठेच जागा नाही त्याला या धर्माने जागा करून दिली का, एवढेच ते विचारते. हे माप घेऊन आपण प्रथम आपल्याच घरात पाहिले, तर त्यांचे स्मरण केल्यासारखे होईल.

केडगावच्या छापखान्यात त्या ग्रंथाचे खिळे जुळविले ते दुष्काळातून आणलेल्या मुलींनी. ज्यांना अक्षर ओळखण्याचा अधिकार नाही असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यांच्या हातून धर्मग्रंथ छापून निघाला. कलकत्त्यात विशीतल्या रमाबाईंना जो प्रश्न पडला होता, त्याचे उत्तर त्यांनी असे छापून ठेवले आहे.